कॅप्सूल उघडणारे हात

सकाळच्या राउंडला डॉक्टर अवंती वॉर्डात आल्या, पण रोजच्यासारख्या पहिल्या खाटेपाशी थांबल्या नाहीत. सरळ मधोमध येऊन उभ्या राहिल्या, चारही खाटांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या की चार नंबरच्या मुलीच्या रक्तात खमीर सापडलं आहे. खमीर म्हणजे तेच, ज्यानं पाव फुगतो आणि जिलेबीचं पीठ आंबतं, त्याच कुळातलं. जबलपुरात सगळा जन्म गेलेल्या अंबादास बोरीकरांना जिलेबीबद्दल पुष्कळ माहिती होती, पण माणसाच्या रक्तात खमीर हे काही त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं. हातातला चहाचा कप त्यांनी तसाच धरून ठेवला.

चार नंबर म्हणजे दुर्वा. वीस वर्षांची पोर, जबलपूरजवळच्या पाटणहून बसनं रोज कॉलेजला यायची. टायफॉइड अंगावर काढला, आतडं फुटलं, ऑपरेशन करावं लागलं. तेव्हापासून तिच्या तोंडात काही गेलं नव्हतं. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी बसवली होती, आणि स्टँडला टांगलेल्या दुधासारख्या पांढऱ्या पिशवीतून तिचं दोन्ही वेळचं जेवण त्या नळीवाटे उतरायचं. सुरेख सावरत होती. आठव्या दिवशी अचानक थंडी वाजून ताप भरला, तो तीन दिवस झाले उतरायचं नाव घेत नव्हता. कालपासून ती आईच्या हाकेलाही नीट ओ देत नव्हती.

"जिस बच्ची के मुँह में ग्यारह दिन से पानी तक नहीं गया, उसके खून में ये आया कहाँ से?" डॉक्टर अवंतींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मग त्यांनी एकेका नातेवाइकाला विचारलं. कुणी बाहेरचं काही भरवलं का, प्रसाद, तीर्थ, पाव, काहीही. दुर्वाची आई विनता रडवेल्या चेहऱ्यानं नाही नाही म्हणत राहिली. ती बँकेत होती, वर्षापूर्वीच यवतमाळहून बदली होऊन पाटणला आलेली. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, आणि या गावात तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी चारही फायली उलटसुलट केल्या, त्यांतही काही निघेना. अंबादासांना विचारलं तेव्हा त्यांनीही मान हलवली. त्यात खोटं काहीच नव्हतं. उलट, आपण नियमानं वागणारे आहोत याचा त्यांना त्या क्षणीसुद्धा थोडा अभिमानच वाटला. डॉक्टर म्हणाल्या की हे कुठून येतंय ते कळलं नाही, तर औषध देऊनही उपयोग होईलच असं नाही, कारण एकीकडून मारायचं आणि दुसरीकडून येतच राहायचं. पोरीकडे फार दिवस नाहीत, एवढंही सांगितलं आणि त्या गेल्या.

आता अंबादास म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. खमरियाच्या फॅक्टरीत, दारू भरायच्या शेडमध्ये त्यांची छत्तीस वर्षं गेली. दारू म्हणजे प्यायची नव्हे, तोफगोळ्यात भरायची. तिथे आत शिरताना दाराशी जमिनीला जोडलेली तांब्याची पट्टी असायची. तिला तळवा लावायचा, अंगात साठलेली वीज जमिनीत जाऊ द्यायची आणि मगच भुकटीला हात घालायचा. काम संपवून निघतानाही तसंच. छत्तीस वर्षं दिवसातून दहा वेळा तेच केल्यावर ते हातालाच कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अंबादास बेसनाचा डबा उघडण्याआधी नळाला हात लावायचे. संक्रांतीला तिळगुळासाठी साखर दळली की आधी नळ, नंतर नळ. बायको कुमुद म्हणायची की आपल्या घरात स्फोट होऊन राहिला तर तो फक्त तुमच्या घोरण्याचाच. ते हसायचे, पण हात लावायचे सोडत नसत.

या कुमुदसाठीच ते इथे होते. तिला न्यूमोनिया झाला होता, आणि तो घालवायला दिलेल्या कडक अँटिबायोटिक्सनी तिचं पोट पार बिघडवलं. दिवसातून बारा-बारा वेळा जाणं झालं, बाई अर्धी झाली. पुण्याच्या मुलीनं, प्रणोतीनं, फोनवर सांगितलं की प्रोबायोटिक सुरू करा, पोटातले चांगले जंतू मरतात या औषधांनी, ते परत भरून काढायला हवेत. तिनं कुरियरनं डबा पाठवला. कुमुदच्या डॉक्टरांना अंबादासांनी दारातच गाठून विचारलं, त्यांनी मोबाइलवर बोलता बोलता मान डोलावली आणि पुढे गेले. कागदावर काही चढलं नाही. पण गुण आला, हे मात्र खरं. चौथ्या दिवशी जुलाब थांबले, सातव्या दिवशी बाई मऊ भात मागू लागली. अंबादासांनी वॉर्डभर सांगून ठेवलं की ही पुण्याची गोळी फार गुणाची आहे.

एकच अडचण होती, कुमुदला कॅप्सूल गिळता येत नसे. लहानपणापासूनची खोड, गोळी घशाशी गेली की उलटी. मग अंबादास कॅप्सूल उघडायचे. दोन बोटांत धरून हलकेच पिळायची, टोपण काढायचं, भुकटी चमच्यातल्या पाण्यात टिचकीनं झटकायची. भुकटीचं काम म्हणजे त्यांच्या हातचा मळ. सिस्टर अंजनीनं एकदा पाहिलं आणि कौतुकानं म्हणालीसुद्धा की बाबूजी, तुमचा हात किती साफ आहे.

आणि या साफ हाताचा विनतालाही आधार होता. ती बिचारी रात्रंदिवस बसून पेंगायची. दुर्वानं कूस बदलली की नळी पिळवटायची, स्टँडवरचं यंत्र कोकलायला लागायचं. सिस्टर दुसरीकडे असली की विनता म्हणायची, काका, जरा पाहता काय, तुमचा हात हलका आहे. अंबादास उठायचे, नळी सरळ करायचे, पोरीच्या डोक्याखालची उशी नीट लावायचे. दुर्वा शुद्धीत असताना हसून थँक्यू काका म्हणायची.

डॉक्टर अवंती जाऊन तासभर झाला असेल. बारा वाजले, कुमुदच्या दुसऱ्या डोसची वेळ झाली. अंबादास हात धुऊन आले, सवयीनं डावा तळवा स्टँडच्या गार दांडीला लावला आणि उजव्या हातानं डब्यातून कॅप्सूलची पट्टी काढली. पट्टीवरचा लॉट नंबर वाचला, मुदतीची तारीख वाचली. हीसुद्धा फॅक्टरीतलीच रीत. तिथे माल कोणता ते स्टोअरवाले ठरवत, भरणाऱ्यानं लॉट आणि तारीख पाहायची. नाव कधी वाचायचं नाही, कारण नाव चुकणारच नाही. घरी प्रणोती म्हणजे त्यांचं स्टोअर, तिनं पाठवलं ते बरोबरच असणार. नऊ दिवस, दिवसातून दोनदा, त्यांनी लॉट आणि तारीख मन लावून वाचली होती. आज मात्र सकाळचे डॉक्टरांचे शब्द डोक्यात घोळत होते म्हणून असेल, नजर एक ओळ वर गेली. बारीक इंग्रजी अक्षरांत एक लांबलचक, जीभ अडखळेल असं नाव होतं. आणि त्याच्यापुढे एक छोटा, सोपा शब्द होता. यीस्ट.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शब्द तोच होता.

फॅक्टरीतल्या कँटीनला पाव पुरवणारा यायचा, त्याच्या तोंडी हा शब्द त्यांनी हजार वेळा ऐकला होता. यीस्ट म्हणजे खमीर. प्रणोती जंतू म्हणाली होती, चांगले जंतू, आणि त्यांनी आपल्या मनानं दह्यासारखं काहीतरी असेल असं धरलं होतं. हे दही नव्हतं. तरी पहिल्यांदा मन म्हणालं की असू दे, हे कुमुदच्या पोटात गेलं, दुर्वाला तर आपण कधी चमचाभर पाणीसुद्धा दिलं नाही.

मग त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

तो अजून स्टँडवरच होता. आणि तो स्टँड कुमुदचा नव्हता. कुमुदचं सलाइन सहा दिवसांपूर्वी बंद झालं, तिचा स्टँड वॉर्डबॉय घेऊन गेला. तेव्हापासून हाताशी उघडं लोखंड म्हणून जे होतं ते दोन खाटांच्या मधे उभं असलेलं हे एवढंच, दुर्वाचा स्टँड. कॅप्सूल उघडण्याआधी एकदा आणि बोटं भुकटीनं माखलेली असताना नंतर एकदा. त्यांच्या तळव्यापासून वीतभर अंतरावर, दांडीला चिकटपट्टीनं बांधलेला, नळीचा सांधा होता. तिथून नळी खाली उतरून पोरीच्या मानेत शिरली होती. त्याच हातांनी त्यांनी ती नळी किती वेळा सरळ केली होती, ते मोजायची त्यांची छाती होईना.

अंबादासांनी चटका बसावा तसा हात काढून घेतला. बावीस वर्षं त्यांनी नवीन पोरांना शिकवलं होतं की भुकटी दिसत नाही तिथेही असते, कपड्यावर असते, नखात असते, श्वासातसुद्धा असते. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं तर चाललं असतं. त्यांना कळायला हवं होतं.

"काहून थांबले?" कुमुदनं विचारलं.

त्यांनी वाकून, जवळजवळ ओठांनीच, तिला सांगितलं. तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. "बोलू नका काही," ती म्हणाली. "उद्या सुटी होऊन राहिली आपली. फेकून द्या तो डबा."

कुमुद वाईट बाई नव्हे. दोन आठवडे मरणाशी झगडून घरी निघालेलं माणूस दुसरं काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर अंबादासांच्या मनातही तेच आलं होतं. डबा कुठल्याच कागदावर नव्हता. कॅप्सूल बाथरूममध्ये ओतायच्या, पट्टी खिशात घालायची, उद्या घरी जायचं. आपण गेलो की भुकटीही गेली, मग पोरीला आपोआप उतार पडेल, कुणाला काही कळायचं नाही. अशी सगळी मांडणी त्यांच्या मनानं केली आणि ते खरोखर डबा घेऊन उठले. पुढे आयुष्यभर त्यांना याचीच लाज वाटत राहिली.

तेवढ्यात सिस्टर अंजनी पांढरी पिशवी बदलायला आली. हातमोजे घातले, स्टँडची दांडी धरून तो आपल्याकडे ओढला, आणि त्याच हातानं नळीचा सांधा धरायला गेली.

शेडमध्ये एक नियम होता. हातातून काही निसटलं, काही चुकलं, तर माणसानं जागच्या जागी उभं राहून मोठ्यानं ओरडायचं, आणि मग शेडमधल्या प्रत्येकानं होता तसा थांबायचं. ओरडणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही. अंबादासांना तो नियम आठवला असंही म्हणता येत नाही. तोंडच उघडलं.

"रुको. सब रुको."

सिस्टरचा हात हवेतच राहिला. विनता दचकून उठली. अंबादास डबा छातीशी धरून वॉर्डाच्या मधोमध उभे होते, सकाळी डॉक्टर उभ्या होत्या तिथेच. नळीला हात लावू नका, स्टँडला लावू नका, आधी डॉक्टरांना बोलवा, खमीर माझ्याकडून गेलं आहे, असं ते हिंदीत म्हणाले, मग विनताकडे बघून तेच मराठीत म्हणाले.

डॉक्टर अवंती धावत आल्या. पट्टी वाचली आणि क्षणभर डोळे मिटले. हीच जात, त्या म्हणाल्या. मग त्यांनी अंबादासांना शांतपणे सांगितलं की कसं उघडत होता ते करून दाखवा, खरी कॅप्सूल घेऊ नका, नुसतं हातानं दाखवा. अंबादासांनी सुरुवात केली. पट्टी हातात घेण्याचा अभिनय करण्याआधीच त्यांचा डावा हात उठून स्टँडकडे निघाला होता. तो मधेच थांबला. सगळ्यांनी पाहिलं.

सिस्टर अंजनीनं आपल्या हातमोज्यांकडे पाहिलं आणि ते सावकाश काढून ठेवले. रोज त्याच दांडीला धरून तीही त्याच सांध्याशी गेली होती.

"आणि नळी," विनता म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी दुरून आल्यासारखा होता. "नळी सरळ करत होते ते. मीच सांगत होती. काका, पाहता काय, म्हणून मीच उठवत होती त्यांना."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर अंबादासांना बरं वाटलं असतं.

पुढचा तास नुसती पळापळ. मानेतली नळी काढून दुसऱ्या बाजूला नवी बसवली, दुर्वाला काचेच्या वेगळ्या खोलीत नेलं, औषध बदललं. वॉर्ड रिकामा करून भिंतींपासून खाटांच्या चाकांपर्यंत सगळं धुऊन काढलं. कुमुदची सुटी लांबली. मान डोलावणारे डॉक्टर येऊन गेले, पण त्यांनी अंबादासांच्या नजरेला नजर दिली नाही. सगळ्यांनीच कधी ना कधी मान डोलावली होती, पण त्यानं अंबादासांचं ओझं तसूभरही कमी झालं नाही.

संध्याकाळी डॉक्टर अवंतींनी त्यांना बोलावून समजावलं. हे औषध वाईट नाही, तुमच्या मिसेसच्या पोटात त्यानं कामच केलं. पण पोटात जे पाहुण्यासारखं राहतं ते अशा कमजोर मुलीच्या रक्तात थेट पोचलं तर माजतं. कॅप्सूल उघडली की भुकटी हवेत उडते, हातावर बसते, साबणानं धुतली तरी पुरती जात नाही. म्हणून अशा वॉर्डात ती उघडायचीच नसते, हे आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या. अंबादासांनी एकच विचारलं, वाचेल ना? त्या म्हणाल्या, आता निदान कुठून येतंय ते तरी माहीत आहे.

तीन दिवस अंबादास काचेच्या खोलीच्या बाहेरच्या बाकावर बसून होते. डबा त्यांच्याकडून घेतला होता, हातांना काही काम नव्हतं. ते सारखे हात धुवायला जात. बोटांची कातडी सुरकुतली, नखांच्या कडा लाल झाल्या, तरी जात. विनता आत-बाहेर करताना त्यांच्यासमोरून जायची, पण थांबायची नाही. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. दुर्वानं डोळे उघडून आईला विचारलं की आज वार कोणता. हे सिस्टर अंजनीनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा अंबादास भर कॉरिडॉरमध्ये हुंदके देऊन रडले.

त्याच दुपारी कुमुदला सुटी मिळाली. पिशव्या उचलून निघताना अंबादास एकदाच त्या खोलीच्या दारापाशी थांबले. दार अर्धवट उघडं होतं. दुर्वा उशीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, पण डोळ्यांत जान आली होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना पाहून ती हसली.

"काका, नळी अडकली पाहा जरा," तिनं मान थोडी वळवून म्हटलं.

अंबादासांचा हात उठला. खरंच उठला, पिशवीसकट. मग विनता मधे येऊन उभी राहिली. तिनं दार आपल्यामागे ओढून घेतलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही सांगितलं म्हणून माझी पोरगी आहे, काका," ती म्हणाली. "हे मी कुणाहीसमोर म्हणीन. पण आता तिला हात नका लावू."

ते हो म्हणाले. लिफ्टनं खाली आले, रस्त्यावर ऑटो थांबवला, मदन महलचा घरचा पत्ता सांगितला, पिशव्या आत ठेवल्या. कुमुदचे पाय अजून लटपटत होते. ऑटोची पायरी चढायला तिनं आधारासाठी हात पुढे केला. अंबादास त्या हाताकडे बघत उभे राहिले. आपले दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते, ते पुढे येईनात. ऑटोवाला वळून पाहू लागला. मग कुमुदनंच वाकून त्यांचा एक हात मागून ओढून घेतला, आपल्या खांद्यावर ठेवला आणि हळूहळू वर चढली.